साबणाची वडी आणि पंधरा मिनिटं

साबणाची वडी झिजत झिजत पापुद्र्याएवढी झाली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, फेका आता ती. दुसरा पक्ष बहुधा घरातल्या थोरल्या बाईचा. ती तो पापुद्रा ओला करते, नव्या वडीच्या पाठीवर दाबून बसवते आणि रात्रभर तसाच राहू देते. सकाळी दोन्ही एकजीव झालेले असतात. आमच्या जळकोटला आणि आजूबाजूच्या गावांत हा दुसरा पक्ष कायम सत्तेत असतो. कुणी याला चिकटपणा म्हणेल. पण टँकर येण्याची वेळ बघून जिथे धुणं काढावं लागतं, तिथे यालाच संसार करणं म्हणतात.

आता हेच शहाणपण मोबाईलवर परत येऊ लागलं आहे. ‘साबणाचे वीस भन्नाट उपयोग’ अशा नावाच्या चित्रफिती येतात, पोरी त्या आईला दाखवतात आणि आई म्हणते, यात नवीन काय? खरंच बहुतेकांत नवीन काही नसतं. माझी तक्रार तीही नाही. जुनं नव्या रूपात आलं तर येऊ द्यावं. तक्रार अशी की या याद्यांत सगळं एकाच तागडीत तोललं जातं. अडकलेली चेन सरकवणं, पायात गोळे येऊ नयेत म्हणून गादीखाली वडी ठेवणं, बाळाचं पोट साफ करणं, सगळं एका रांगेत. यातलं पहिलं खरं आहे, दुसरं निव्वळ समजूत आहे आणि तिसरं घातक आहे. आणि साबणाचं जे काम माणसाला मरणाच्या दारातून परत आणू शकतं, ते मला या याद्यांत अजून दिसलेलं नाही.

आधी खऱ्या गोष्टींबद्दल बोलू, कारण त्यांतली गंमत मलाही आवडते.

साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांच्या संयोगातून तयार झालेला पदार्थ. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. म्हणून तो मळ काढतो. आणि मुळात तो स्निग्ध पदार्थापासून झालेला असल्यामुळे कोरडा घासला तरी गुळगुळीत थर सोडतो. चेन अडकली की तिच्या दातांवर कोरडी वडी घासायची, चेन सरकते. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीला घासतं, कपाटाचा खण ओढताना अर्धवट तिरका होऊन अडकतो, तिथेही हेच. सुतार सागवानात स्क्रू पिळण्याआधी तो साबणावर फिरवतात. मात्र साबण हवेतली ओल धरून ठेवतो आणि लोखंडी स्क्रू पुढे गंजतो, म्हणून कायमच्या कामाला मेणबत्तीचं मेण बरं. चित्रफितीत हे शेवटचं वाक्य नसतं.

काळ्या कापडावर खुणा करायला तो झिजलेला पापुद्रा टेलरच्या खडूपेक्षा सरस. त्याची कड धारदार असते, रेघ बारीक येते आणि पहिल्या धुण्यात जाते. आपल्या घरांत बुरख्याचं कापड बेतताना पांढऱ्या साबणाचा तुकडा शिलाई मशीनच्या खणात हमखास सापडायचा. मखमल आणि रेशमावर हा प्रयोग करू नये, डाग राहू शकतो.

रंगारी आणि गॅरेजवाले हुशार असतात ते कामाला बसण्याआधीच. नखं ओल्या वडीवर ओरबाडून घ्यायची, म्हणजे नखांखालची फट साबणाने भरते. दिवसभर ग्रीस आणि ऑइल पेंट त्या फटीत शिरायला जागाच उरत नाही आणि संध्याकाळी हात चटकन निघतात. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर हाताला काळं लागणारी कामं करणारी आपली किती पोरं आहेत! त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. बोटांवर रंगाचा थर राहिला तर त्याखाली पाणी पोहोचत नाही आणि वुजू पुरा होत नाही, हे प्रत्येक नमाजी रंगारी जाणतो.

बांगड्यांचं तर विचारूच नका. चांदरातीला मणियाराच्या दुकानात बायकांची झुंबड उडते. हात घट्ट असला, बांगडी काचेची असली की तो साबणाचा फेस हातावर चोळतो, अंगठा आत दुमडतो, बोलता बोलता बांगडी मनगटावर उतरवतो. बाईच्या लक्षातही येत नाही. बोटात रुतलेली अंगठी काढायचा उपाय तोच, फक्त उलट दिशेने. मणियाराचा हा हात म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे. साबण तिच्यातला सर्वांत स्वस्त भाग.

चुलीवरच्या भांड्याला बाहेरून साबण फासला तर काजळी साबणावर बसते, भांड्यावर बसत नाही, आणि धुताना साबणाबरोबर निघून जाते. वलीम्याच्या देगेला बावर्ची बुडाला मातीचा लेप देतात त्यामागे हाच विचार.

इथे एक फरक नीट सांगायला हवा, कारण त्यावाचून पुढचं समजणार नाही. आपण ज्याला सरसकट साबण म्हणतो त्यांतले सगळे साबण नसतात. कपड्यांची निळी किंवा हिरवी वडी बहुतेक वेळा डिटर्जंटची असते. तिचा पिंड वेगळा. अंगाच्या वडीवरही बारीक अक्षरांत ‘टीएफएम’ असा आकडा असतो. त्यात साबणाचा खरा अंश किती ते कळतं. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान 76 टक्के, दुसऱ्या प्रतीत 70 आणि तिसऱ्या प्रतीत 60 असावा लागतो. ‘बेदिंग बार’ असं लिहिलेल्या वडीत तो आणखी खाली, 40 टक्क्यांपर्यंत चालतो. वास, रंग, नटीचं चित्र यांपेक्षा तो आकडा वाचायची सवय लावून घेतली तर दहा रुपयांत काय मिळतं आहे ते समजतं.

डिटर्जंटने मराठवाड्यात साबणाला हरवलं त्याचं मोठं कारण जाहिरात नव्हे, पाणी. शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो ते आठवतं का? आमच्या काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी दुष्फेन. त्यातला कॅल्शियम साबणाशी मिळतो आणि फेसाऐवजी पांढरट चिकट साका तयार होतो. बादलीच्या काठावर बसणारा, कपडा राखाडी करणारा थर म्हणजे तोच. अम्मी लोकांना रसायनशास्त्राची गरज नव्हती. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही तिथे साबणही फेसाळत नाही, एवढा हिशोब त्यांच्याकडे होता. पारदर्शक बाटलीत पाणी घ्या, साबणाचा कीस टाका आणि हलवा. भरपूर फेस आला तर पाणी मऊ, दुधाळ गढूळ होऊन फेस बसला तर जड. पाण्याची घरगुती पारख करायला साबणाइतकं स्वस्त साधन दुसरं नाही, आणि हा उपयोग मला चेन सरकवण्यापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

आता आपल्या वाचकांच्या मनात एक प्रश्न असतोच: साबणात चरबी कोणती? हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा कधीच नव्हता. अर्देशीर गोदरेज यांनी 1918 मध्ये ‘चावी’ छापाचा साबण काढला तो प्राण्यांच्या चरबीशिवाय, वनस्पती तेलाचा. स्वदेशीच्या त्या काळात हिंदू, जैन, मुसलमान सगळ्यांनाच तो हवा होता. काही ठिकाणी तो ‘जगातला पहिला वनस्पती तेलाचा साबण’ म्हणून सांगितला जातो. हलब आणि नाब्लुसचे लोक हे ऐकून हसतील. ऑलिव्हच्या तेलाचा साबण तिथे शतकानुशतकं बनतो आहे. 2024 साली युनेस्कोने दोन्ही ठिकाणच्या साबणविद्येची वारसा म्हणून नोंद घेतली. त्यांतलं नाब्लुस पॅलेस्टाईनमधलं. मराठीतला ‘साबण’ अरबीतल्या ‘साबून’चा नातलग आहे. घरात आपण दखनीत ‘साबन’ म्हणतो आणि बाहेर मराठीत ‘साबण’; एका णचं अंतर.

धर्माचं म्हणाल तर हनफी फिक्हमध्ये एक नियम आहे. एखाद्या वस्तूचा मूळ पिंडच बदलून ती वेगळी वस्तू झाली तर तिचा हुकूमही बदलतो. याला ‘इस्तिहाला’ म्हणतात, आणि नापाक तेलापासून झालेला साबण हे त्याचं जुनं उदाहरण आहे. म्हणजे आपल्या बुजुर्गांनी साबणाचा विचार आपल्याहून पुष्कळ आधी आणि पुष्कळ मोकळ्या मनाने केला होता. ज्यांना तरीही मन मानत नाही त्यांनी वनस्पती तेलाचा घ्यावा. त्यावर वाद घालत बसण्याइतका वेळ मला तरी नाही.

शेताचा आणि परसाचाही साबणाशी संबंध आहे. कृषी विद्यापीठं पाच टक्के निंबोळी अर्काची जी शिफारस करतात तिच्यात 100 लिटर पाण्याला 5 किलो निंबोळीची भरड आणि 200 ग्रॅम साबण असतो. भरड रात्रभर भिजवायची, गाळून घ्यायची, साबण वेगळा विरघळवून त्यात मिसळायचा. साबण नसेल तर निंबोळीचं तेल पाण्यात मिसळत नाही, थेंब पानावरून घरंगळतो. दारातल्या चार वांग्यांसाठी लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम भरड आणि 2 ग्रॅम साबण पुरतो. नुसत्या साबणाच्या पाण्यानेही मावा मरतो, कारण त्या मऊ किड्याच्या अंगावरचं मेणाचं आवरण विरघळतं. पण तो थेंब किड्याच्या अंगावर पडला पाहिजे. वाळलेल्या साबणाचा पुढच्या किड्याला काही त्रास होत नाही. लिटरला चमचाभर कीस, पानाच्या खालच्या बाजूने, ऊन उतरल्यावर, आधी एका पानावर करून बघून. डिटर्जंट नको, पानं करपतात. आणि पाणी दुष्फेन असेल तर पावसाचं साठवलेलं वापरा.

गॅसचं एका दमात सांगून टाकतो. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली आणि चुलीवरच्या किती घरांत पहिल्यांदा सिलिंडर आला. सिलिंडर बदलला की रेग्युलेटर आणि नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे फुगायला लागले तर गॅस गळतो आहे. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत. वास आला तर बटणालाही हात न लावता रेग्युलेटर बंद करायचा, खिडक्या-दारं उघडायची, बाहेर यायचं आणि 1906 वर फोन करायचा.

आता घातक उपयोगांकडे येतो, कारण त्याबाबतीत भिडेखातर गप्प बसणं बरं नाही.

बाळाला दोन दिवस शी झाली नाही की साबणाची काडी करून सरकवणं हा प्रकार कितीतरी घरांत चालतो. हिंदूंकडे चालतो, आपल्याकडेही चालतो. काहींकडे विड्याच्या पानाचं देठ असतं, काहींकडे साबण. शी होते, म्हणून उपाय लागू पडला असं वाटतं. होते ती साबणाने आतलं नाजूक अस्तर चुरचुरतं म्हणून. पुन्हा पुन्हा केलं तर तिथे सूज येते, जखम होते. दूध पिणाऱ्या बाळाने दोन-तीन दिवस शी न करणं पुष्कळदा नेहमीचंच असतं. पोट फुगलं, उलट्या झाल्या, बाळ दूध ओढेना तर ते डॉक्टरचं काम. दादी-नानीचा मान ठेवून सांगतो, हा उपाय बंद व्हायला हवा.

दुसरा प्रकार याहून भयंकर. आमचा जिल्हा शेतकरी आत्महत्यांच्या नकाशावर कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी फवारणीचं औषध प्यायलं की घरचे घाबरून त्याला मिठाचं नाहीतर साबणाचं पाणी पाजतात, उलटी व्हावी म्हणून. उलटी होते आणि ते विष, तो फेस श्वासनलिकेत जातो. गुंगीत असलेल्या माणसाचा त्यानेच जीव जाऊ शकतो. काही पाजू नका. औषधाची बाटली बरोबर घ्या आणि जी गाडी मिळेल तिने दवाखाना गाठा. साबणाचं काम इथेही आहे, पण बाहेरून: अंगावर, कपड्यांवर औषध सांडलं असेल तर कपडे उतरवायचे आणि कातडी साबण-पाण्याने धुवायची. ही औषधं कातडीतूनही आत शिरतात. 2017 साली यवतमाळला कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर गेले. त्यांनी विष प्यायलेलं नव्हतं. फवारून आलेल्या माणसाने भाकरीला हात लावण्याआधी साबणाने अंग धुणं ही फार साधी आणि फार मोठी गोष्ट आहे. ते कपडे पोरांच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुणंही.

आणि आता तो उपयोग, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवायची. जागतिक आरोग्य संघटना हे कितीतरी वर्षं सांगते आहे. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेतून जखमेत उतरतो. त्याचं बाहेरचं कवच स्निग्ध पदार्थाचं असतं. साबण त्या कवचाची वाट लावतो, मळाची लावतो तशीच, आणि पाणी उरलेलं वाहून नेतं. विषाणू लगेच मेंदूकडे धावत नाही. तो आधी जखमेजवळच्या मांसात थांबतो, मग मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू वर सरकतो. दोन-तीन महिने लागतात, कधी थोडे दिवस, कधी त्याहून बराच काळ. ही मुदत आपल्या हातात असते. एकदा का पाण्याची भीती वगैरे लक्षणं दिसली की जगातल्या कुठल्याही दवाखान्यात जवळजवळ कुणीच वाचत नाही. संशयित जनावर चावलेल्यांमध्ये 40 टक्के पंधरा वर्षांच्या आतली मुलं असतात. गल्लीत खेळणारी, शाळेतून येणारी आणि घरी रागावतील म्हणून लपवणारी.

लस लागतेच, हे सुरुवातीलाच आणि ठणकावून सांगतो. धुतलं म्हणून लस टाळायची नाही. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, सगळे डोस पूर्ण करायचे, आणि रक्त आलेल्या जखमेत भरायचं सिरम वेगळं असतं, तेही मागायचं. पण दवाखाना पाच-दहा-वीस किलोमीटरवर, रात्रीची वेळ, गाडी नाही. साबण मात्र घरात आहे. घटना घडल्यापासून डॉक्टरांनी हात लावेपर्यंतच्या वेळात जे करता येतं ते एवढंच, आणि ते थोडकं नाही.

प्रत्यक्षात काय होतं? जखमेत चुना भरतात, मिरचीची पूड भरतात, हळद दाबतात. कुणी तंबाखू लावतं, कुणी रॉकेल ओततं. कुणी ताईत आणतं, कुणी कुणाकडे झाडून घ्यायला नेतं. ही यादीही हिंदू-मुसलमान भेद करत नाही. मिरची आणि चुन्याने जखम आणखी चिरडते आणि विषाणूला वाट मोकळी होते. जे कुणी धुतात ते तांब्याभर पाणी ओतून, फडक्याने पुसून घट्ट बांधतात. बांधायचंही नसतं.

इथे मला आपल्या लोकांना एक विचारायचं आहे. कुत्र्याची लाळ नापाक, हे आपल्याकडच्या लहान पोरालाही माहीत असतं. भांड्याला कुत्र्याने तोंड लावलं तर ते सात वेळा धुवायचं, त्यांतून एकदा मातीने, ही शिकवण हदीसमध्ये आहे. हनफींच्या मते तीन वेळा धुतलं तरी भांडं पाक होतं, पण सात वेळा धुणारी घरं मी पाहिली आहेत. कपड्याला कुत्रं घासून गेलं तर नमाज होईल की नाही असं विचारत आपण मौलानांकडे जातो. मग त्याच लाळेने भरलेला दात आपल्या लेकराच्या पोटरीत रुतला तर आपण तांब्याभर पाण्यावर का भागवतो? भांड्यासाठी सात वेळा आणि लेकरासाठी एकदा, हा हिशोब कुठल्या फिक्हमधला? ज्या दीनने लाळेबाबत इतकं सावध केलं, त्याच्या लोकांना पंधरा मिनिटांचं धुणं समजावून सांगणं सगळ्यांत सोपं जायला हवं. जुम्याच्या खुत्ब्याआधी जे मराठी-उर्दूत बयान होतं त्यात वर्षातून दोनदा हे सांगितलं तर बिघडतं काय? मिंबरवरून सांगितलेलं मोबाईलपेक्षा जास्त ऐकलं जातं, निदान आमच्या गावाकडे.

पंधरा मिनिटं ऐकायला थोडी वाटतात. घड्याळ लावून धुवून बघा, हात भरून येतात. घड्याळ नसेल तर सूरह यासीन सावकाश पढायला साधारण तेवढाच वेळ लागतो. एकाने पढावं, एकाने पाणी ओतावं, एकाने लेकराला धरावं. पाण्याचं म्हणाल तर बारीक धार धरली, मिनिटाला लिटरभर, तर पंधरा लिटर लागतात. एक बादली. टँकरच्या दिवसांत एक बादली म्हणजे काय ते मला सांगू नका, मी त्याच मुलखातला आहे. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आमच्या शेजारचंच शहर. तरीही त्या दिवशी ती बादली ओतायची. अंगाचा साबण नसेल तर कपड्यांची वडी चालते, इथे डिटर्जंटही चालतं. जखम चोळून रगडायची नाही, धार आतपर्यंत जाऊ द्यायची. मांजर चावलं, माकड चावलं तरी हेच. नुसता ओरखडा आहे, रक्त नाही आलं, म्हणून सोडायचं नाही.

आणि उलट गोष्टही लक्षात ठेवा: साप चावल्यावर धुणं-चोळणं काही नको. तिथे माणसाला न हलवता दवाखान्यात नेणं हाच उपाय. एकीकडचं दुसरीकडे लावण्याची आपल्याला फार सवय आहे.

2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळ्या देशाला साबणाची आठवण झाली होती. वीस सेकंद हात धुवा म्हणून फोनवर खोकला ऐकवत होते. करोनाच्या विषाणूचं कवचही स्निग्धच, म्हणून दहा रुपयांची वडी सॅनिटायझरच्या बाटलीला भारी होती. त्याच दिवसांत कित्येक ठिकाणी आपल्या भाजीवाल्यांना नाव विचारून गल्लीतून हाकललं गेलं, आपण घाण पसरवतो म्हणून. त्या अपमानाला उत्तर म्हणून आपण सांगत होतो: आमच्या धर्मात पाकी निम्मं ईमान आहे, आम्ही दिवसातून पाच वेळा हात-पाय-तोंड धुतो, मय्यतलासुद्धा बोरीच्या पानांच्या पाण्याने आंघोळ घालतो. सगळं खरं. पण उत्तर देऊन झाल्यावर तरी स्वतःच्या मशिदीच्या मागच्या बाजूला जाऊन बघायला हवं होतं. वुजूखाना संगमरवरी, नळ चकचकीत, आणि पलीकडच्या संडासाबाहेर साबणाची वडी नाही. ही एखाद्या मशिदीची तक्रार नाही. मी जिथे जिथे नमाज पढलो त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी हेच चित्र आहे. वुजूला साबण लागत नाही, ठीक. संडासातून आलेल्या हाताला लागतो. साबणाने हात धुतल्याने अतिसाराचं प्रमाण साधारण तीस टक्क्यांनी घटतं, आणि त्याच हातांनी पुढे मदरशातली मुलं जेवायला बसतात. झुंबरासाठी चंदा जमतो. महिन्याला दहा वड्यांसाठीही जमेल.

कमिटीवाल्यांचं म्हणणं असतं की साबण ठेवला की चोरीला जातो, नाहीतर पाण्यात पडून विरघळतो. दोन्ही बरोबर आहे, आणि उपाय बाजाराच्या पिशवीतच आहे. कांदे ज्या लाल जाळीत मिळतात तिचा एक हातभर तुकडा घ्यायचा, आत वडी टाकायची, तोंड बांधायचं आणि नळाला लटकवायचा. जाळीवर हात घासला की फेस पटकन येतो, वडी निथळून कोरडी राहते, आणि जाळीसकट साबण खिशात घालून नेण्याची कुणाला लाज वाटते. उरलेले पापुद्रेही त्यातच टाकता येतात. कुत्रं चावलेल्या लेकराला घेऊन कुणी धावत आलं तर साबण शोधत फिरावं लागत नाही. गाठ मात्र पक्की मारा. कावळ्याला साबण फार आवडतो, आणि उंदराला त्याहून जास्त.